साठ तासांत कुट्युर शिवण: पूर्ण कोट शिववून घ्यावा की नमुने?

प्रश्न: शिवणवर्ग_ठाणे

नमस्कार. ठाण्यातील एका खासगी संस्थेत मी फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला कुट्युर शिवण (एकेका माणसाच्या मापाने, बरेचसे हाताने केलेले उंची शिवणकाम) आणि टेलरिंग हा विषय शिकवते. यंदा वर्गात २२ विद्यार्थी आहेत. आठवड्याला ४ तास आणि सत्राचे १५ आठवडे, म्हणजे सगळे मिळून ६० तास हाताशी आहेत. ८ डमी आहेत, वाफेच्या इस्त्र्या ३ आहेत आणि मदतीला एक अनुभवी कारागीर आहेत. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने अस्तरासह एक पूर्ण कोट सादर करावा अशी संस्थेची अपेक्षा आहे, कारण वार्षिक शोमध्ये तयार कपडेच मांडता येतात. माझी अडचण याच अपेक्षेपासून सुरू होते.

पहिल्या दोन वर्षांत या मुलांनी पॅटर्न काढणे, यंत्रावर टीप मारणे, चेन लावणे, अस्तर जोडणे हे सारे केलेले आहे. मात्र आजवर ती कापलेल्या कडेच्या आधाराने शिवत आली आहेत: दोन कडा जुळवायच्या, १ सेंटिमीटर आत टीप मारायची, की काम झाले. कुट्युरच्या पद्धतीत सगळा भरवसा शिवणरेषेवर असतो. कापड चांगले इंचभर किंवा त्याहून जास्त मार्जिन सोडून बेतायचे, प्रत्येक शिवणरेषा धाग्याने उठवायची, रेषेवर रेषा ठेवून हाताने कच्चे टाके घालायचे, अंगावर ट्रायल घ्यायची, मग ते सगळे उसवून कापड पुन्हा टेबलावर सपाट पसरायचे आणि दुरुस्त्या त्यावर उतरवायच्या. शिवलेले उसवायचे आहे हे ऐकले की वर्गातला उत्साह ओसरतो, आणि खरे सांगायचे तर मला त्यांचा राग येत नाही, कारण आधीच्या दोन वर्षांत आम्हीच त्यांना वेगाचे गुण दिलेले असतात.

गेल्या वर्षी अंतिम परीक्षणाच्या सकाळी एका विद्यार्थिनीने कोटाला शेवटची इस्त्री केली आणि वाफ लागताच लॅपलवर, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटणाऱ्या भागावर, बुडबुडे आले. फ्युजिंग (कापडाला आतून उष्णतेने चिकटणारा थर) साध्या इस्त्रीने चिकटवले होते, ते जागोजागी सुटले. मुलगी मेहनती होती, रेखाटने सुंदर होती, आणि परीक्षकांसमोर तिला तो कोट तसाच मांडावा लागला. तो दोष मी माझ्या शिकवण्याचा मानते. वेळ पुरत नाही म्हणून कॅनव्हास (कोटाला आकार देण्यासाठी आतून हाताने बसवायचे ताठ कापड) न शिकवता फ्युजिंगवर भागवण्याचा निर्णय माझा होता.

माझे प्रश्न असे आहेत. ६० तासांत पूर्ण कोटाचा हट्ट धरावा, की तंत्रांचे सुटे नमुने करून घ्यावेत? नमुने केले, तर त्यांची फाइल होते आणि कपाटात जाते, हा अनुभव आहे. हाताच्या कामाला गुण कसे द्यावेत? आणि मुले नेहमी विचारतात की ठाण्याच्या उकाड्यात कॅनव्हासचा कोट घालणार कोण. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर काय द्यावे?

उत्तर: सुईदोरा_नेरूळ

मॅडम, मी नवी मुंबईत हाच विषय गेली ११ वर्षे शिकवते आहे. पहिली चार वर्षे मीही पूर्ण कोटच करून घेत असे. सगळ्यांचे कोट वेळेवर येत, पण शेवटच्या दोन आठवड्यांत अर्धे काम बाहेरच्या टेलरकडून होऊन येत असे. विद्यार्थ्याचा स्वतःचा टाका मी दहा आठवडे पाहिलेला असे, त्यामुळे अकराव्या आठवड्यात अचानक बदललेला टाका लपत नसे. मुलांना दोष देऊन उपयोग नव्हता. ६० तासांत नवख्या हाताने कॅनव्हासचा कोट होणे शक्यच नाही, आणि अशक्य काम मागितले की माणूस वाट काढतो.

त्यानंतर मी जे सुरू केले ते आपल्याला सुचवते. प्रत्येक विद्यार्थी कोटाचे पुढचे दोन भाग, पाठ, कॉलर आणि एकच बाही करतो. डाव्या पुढच्या भागाला फ्युजिंग लावायचे आणि उजव्या भागाला घोड्याच्या केसांचा कॅनव्हास हाताने बसवायचा. कापड तेच, पॅटर्न तोच, अंगही तेच. काम झाले की कोट डमीवर चढवायचा आणि दोन्ही लॅपल अंगठ्याने उलटून सोडून द्यायचे. कॅनव्हासचा लॅपल आपल्या वळणावर परत येतो आणि फ्युजिंगचा घडीसारखा चपटा बसतो. हा फरक मी व्याख्यानात अनेकदा सांगितला होता, पण मुलांनी तो मानला तो स्वतःच्या बोटाखाली जाणवल्यावरच.

कॅनव्हास बसवताना वेळ कुठे द्यावा हेही सांगते, कारण माझी सुरुवातीची सत्रे इथेच वाया गेली. कॅनव्हास आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा, नाहीतर तो कोटाच्या आत गेल्यावर आटतो. मग कापड आणि कॅनव्हास लांब कच्च्या टाक्यांनी मधोमध जोडावेत, आणि ते टाके परीक्षणापर्यंत काढू नयेत. लॅपल जिथे वळतो त्या रेषेवर सुती पट्टी रेषेपेक्षा साधारण ६ मिलिमीटर आखूड ठेवून टाचावी, म्हणजे ती रेषा छातीशी बिलगून राहते. पॅडिंगचे, म्हणजे कॅनव्हास कापडाला धरून ठेवणारे, तिरपे टाके लॅपलवर ६ ते ८ मिलिमीटरचे पुरतात, छातीवर त्याच्या दुप्पट चालतात, कॉलरच्या उभ्या पट्टीवर मात्र ते आणखी लहान लागतात. टाका घालताना लॅपल टेबलावर सपाट ठेवला तर सगळी मेहनत फुकट जाते. तो डाव्या हाताच्या तर्जनीवर वळवून धरायचा, म्हणजे टाके पडतानाच त्या वळणाची सवय कापडाला लागते, आणि सुईने समोरच्या कापडाचा एखाददुसराच धागा उचलायचा. एका लॅपलला नवख्या विद्यार्थ्याचे ५ ते ६ तास जातात. ते जाऊ द्यावेत.

मांजरपाटाची ट्रायल, म्हणजे स्वस्त सुती कापडात कपडा आधी कच्चा शिवून अंगावर पाहणे, मात्र कधीही गाळू नये. भिवंडीचे कोरे कापड आम्ही ताग्याने घेतो, त्यामुळे विद्यार्थी कापायला घाबरत नाहीत. एकमेकांच्या अंगावर ट्रायल घ्यायला लावते, कारण डमीचे दोन्ही खांदे सारखे असतात आणि माणसाचे सहसा नसतात. ज्या विद्यार्थ्याने मैत्रिणीच्या उतरत्या उजव्या खांद्यासाठी मांजरपाटावर टाचण्या लावून चिमटा घेतला आणि तो चिमटा पॅटर्नवर उतरवला, त्याला मापे आणि शरीर यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

उकाड्याच्या प्रश्नावर मी शनेल या फ्रेंच फॅशन घराण्याच्या जाकिटाचे उदाहरण देते. त्यात कॅनव्हासचा कडक सांगाडा जवळजवळ नसतो, रेशमी अस्तर उभ्या ओळींनी थेट कापडावर टिपलेले असते आणि खालच्या घेरात आतून धातूची साखळी लावलेली असते, तिच्या वजनाने ते जाकीट सरळ पडते. आतली रचना कपड्याच्या कामानुसार बदलते, एवढे या एका उदाहरणातून दाखवता येते. दुसऱ्या सत्रात वेळ मिळाला तर हा नमुनाही करून घ्यावा.

उत्तर: नौपाड्याचे_मास्तर

ताई, नमस्कार. मी नौपाड्यात ३८ वर्षे कोट आणि सफारीचे काम केले. दुकान बंद करून सहा वर्षे झाली. शिक्षण दहावीपर्यंतचे आहे, कुट्युर हा शब्द नातीकडून कळला, पण आपण जे लिहिले आहे ते काम मला माहीत आहे.

उकाड्याचे आधी सांगतो. ठाण्याच्या न्यायालयात वकील मंडळी मे महिन्यातही काळा कोट घालतात, आणि लग्नसराईत नवरदेव घालतो. माझे निम्मे गिऱ्हाईक वकिलांचे होते. जो कोट रोज आठ तास अंगावर राहतो त्याच्या बगलेत आणि खांद्यात चूक असेल, तर गिऱ्हाईक महिन्याभरात परत येते. त्यामुळे कोट घालणार कोण, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी एकदा न्यायालयाच्या आवारात उभे राहून स्वतःला विचारावा आणि तिथल्या कोटांची पाठ, खांदे आणि बाह्या पाहून याव्यात.

नेरूळच्या ताईंनी कॅनव्हासचे फार व्यवस्थित लिहिले आहे. माझे म्हणणे इस्त्री आणि बाही यांविषयी आहे. शिकवणारे सुईला मान देतात आणि इस्त्रीला शेवटची सफाई समजतात. आमच्या उस्तादांनी मला पहिले सहा महिने इस्त्रीवर ठेवले होते. लोकरीचा तंतू वाफेने मऊ होतो आणि थंड होताना ज्या आकारात असेल तो आकार धरून ठेवतो. म्हणून बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा (बाही जोडतात त्या कोटाच्या गोलाईपेक्षा) ३ ते ४ सेंटिमीटर मोठा बेतलेला असतो, त्यावर धावदोऱ्याच्या दोन ओळी घालून तो हलके ओढायचा, गोल उशीवर ठेवून वाफ द्यायची आणि ते जास्तीचे कापड आटवायचे. चुणी एकही दिसता कामा नये. आणि कापड पूर्ण थंड होईपर्यंत उशीवरून उचलायचे नाही. घाईने उचलले की दिलेला आकार तिथेच मोडतो. तीन इस्त्र्यांवर बावीस मुले असतील, तर खरा तुटवडा इथे पडेल. उशा मात्र वर्गातच करून घेता येतात: जाड सुती कापड, आत लाकडाचा भुसा ठासून भरलेला.

आता कापडाचे. मुले स्वस्त म्हणून पॉलिएस्टरचे सुटिंग आणतात आणि बाही बसत नाही म्हणून रडतात. पॉलिएस्टर गिरणीतच उष्णतेने पक्के केलेले असते, ते वाफेने आटत नाही, त्यामुळे माथ्यावरचे जास्तीचे कापड चुण्या होऊनच राहते. दोष मुलाच्या हाताचा नसतो. टेरीवूल (पॉलिएस्टर आणि लोकर यांचे मिश्रण) काही प्रमाणात ऐकते, शुद्ध लोकर पूर्ण ऐकते. आम्ही शिकलो तेव्हा या बाबतीत ठाण्याचे नशीब चांगले होते. रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ पासून इथेच, पोखरण रस्त्यावर होती, आणि तिच्या कापडाचे उरलेले तुकडे आम्हा शिकाऊ पोरांच्या हाती येत. चुकायला चांगले कापड मिळाले म्हणून हात लवकर बसला. आपल्या संस्थेने एक खर्च करायचाच असेल, तर प्रत्येक मुलाला मुंढा आणि बाही यांपुरते अर्धा-पाऊण मीटर शुद्ध लोकरीचे कापड द्यावे.

माझा एका ठिकाणी मतभेद आहे. एकच बाही एकदाच लावून काही कळत नाही. ती लावायची, उसवायची आणि पुन्हा लावायची, असे निदान तीन वेळा व्हावे. दुसऱ्या वेळी ती माणसाच्या अंगावर लावावी. काही माणसांचे हात पुढे झुकलेले असतात, काहींचे मागे. बाहीवर कापडाच्या उभ्या आणि आडव्या धाग्यावर दोन रेषा दोऱ्याने उठवून घ्यायच्या. माणूस सहज उभा असताना उभी रेषा कोपरापर्यंत ओळंब्यासारखी पडली पाहिजे आणि आडवी रेषा जमिनीला समांतर राहिली पाहिजे. तसे झाले नाही, तर बाही मुंढ्यात थोडी पुढे किंवा मागे फिरवायची. कागदावरच्या खुणा तेव्हा सोडून द्याव्या लागतात, आणि नव्या मुलांना ते धाडस सर्वांत कठीण जाते.

उत्तर: उरेब

मॅडम, मी आपल्यासारख्याच एका संस्थेतून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडले आणि आता मुंबईत लग्नाचे कपडे करणाऱ्या एका कार्यशाळेत पॅटर्नचे काम पाहते. रोज घणसोलीहून जाते. वरच्या दोन्ही उत्तरांविषयी आदर राखून एक बाजू मांडते. पॅरिसच्या फॅशन घराण्यांत दोन वेगळ्या कार्यशाळा असतात: एक कोटासारख्या टेलरिंगच्या कामाची, दुसरी रेशीम, शिफॉन अशा पडत्या कापडांची. आपल्या ६० तासांत दुसरीला जागाच दिसत नाही, आणि इथल्या मुलांना नोकरी बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारच्या कामात मिळते.

आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना सर्वांत आधी एक गोष्ट अडते. भरतकामाचा कपडा आधी बेतून मग भरला जात नाही. अख्ख्या कापडावर प्रत्येक भागाची शिवणरेषा आखून ते कारचोबावर (भरतकामाच्या लाकडी चौकटीवर) ताणतात, भरतकाम त्या रेषेच्या आत होते, आणि कापड कात्रीखाली येते ते त्यानंतर. भरताने कापड ओढले जाते, म्हणून भाग पॅटर्नवर ठेवून पुन्हा तपासावा लागतो. शिवणीवर येणारे मणी फोडून किंवा काढून तेवढी जागा मोकळी करायची, शिवण हाताने किंवा अगदी सावकाश यंत्रावर घालायची आणि मग शिवणीवरून नक्षी पुन्हा भरून जोड झाकायचा. ज्याला शिवणरेषा धाग्याने उठवण्याची सवय आहे त्याला हे एका दिवसात समजते. आपण ज्या गोष्टीचा आग्रह धरता आहात तिचा इथे रोज उपयोग होतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना माझ्या वतीने जरूर सांगा.

मुलांना दूरचे उदाहरण हवे असेल, तर राहुल मिश्रा जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या कुट्युर सप्ताहात संग्रह मांडणारे पहिले भारतीय डिझायनर ठरले, आणि ३० मार्च २०२३ रोजी दिओर या फ्रेंच फॅशन घराण्याने गेटवे ऑफ इंडियासमोर जो शो केला त्यामागे मुंबईतल्याच चाणक्य या भरतकाम संस्थेशी असलेले दिओरचे अनेक वर्षांचे काम होते. हे काम आपल्या लोकलच्या अंतरावर चालते.

माझी सूचना एवढीच की किमान १२ तास रेशमी अस्तराच्या उरेब, म्हणजे धाग्यांना तिरप्या कापलेल्या, कापडाला द्यावेत. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने यांनी उरेब कापाचे प्रयोग अर्ध्या मापाच्या लाकडी बाहुलीवर केले होते. अर्ध्या मापात कापड कमी लागते आणि डमीही पुरतात. उरेब शिवलेला घेर निदान एक रात्र टांगून ठेवावा आणि मगच खालची कड समान करावी, कारण कापड स्वतःच्या वजनाने कुठे कमी कुठे जास्त लोंबते. पहिले सत्र पावसाळ्यात असते, म्हणून टाचण्या आधी तपासाव्यात. गंजलेल्या टाचणीचा डाग रेशमावरून जात नाही. टाचणी मार्जिनमध्येच लावावी, आणि कच्चे टाके रेशमी दोऱ्याने घालावेत, म्हणजे इस्त्रीनंतर त्यांचे वळ उमटत नाहीत.

उत्तर: काज_बटण

गुणांच्या प्रश्नावर थोडे लिहितो, कारण मी काही संस्थांत बाहेरचा परीक्षक म्हणून जातो. कोट अस्तर लावण्याआधी एकदा तपासावा आणि निम्मे गुण तिथेच द्यावेत. अस्तर लागले की आतले काम कायमचे झाकले जाते, आणि परीक्षकाला उरतो तो फक्त बाहेरचा रंग आणि आकार. दुसरे असे की विद्यार्थ्याने मांजरपाटाची ट्रायल दुरुस्त्यांच्या खुणांसह जपून ठेवावी आणि तीही मांडावी. कोणती चूक कुठे दिसली आणि ती पॅटर्नवर कशी उतरवली हे त्याला तोंडी विचारावे. बाहेरून शिवून आणलेल्या कामात ही उत्तरे कधीच येत नाहीत.

'कुट्युर' या शब्दाबद्दलही विद्यार्थ्यांना स्पष्टता द्यावी असे वाटते. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये आपले घराणे सुरू केले, आणि 'ओत कुतूर' ही संज्ञा १९४५ पासून फ्रान्समध्ये कायद्याने संरक्षित आहे. आपण शिकवतो ती त्या परंपरेतली शिवणपद्धत. पोर्टफोलिओवर तो शब्द लिहिताना हा फरक राखलेला मला आवडतो.

शिवणवर्ग_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस ही उत्तरे पुन्हा पुन्हा वाचली आणि काल विभागप्रमुखांशी बोलणे झाले. पूर्ण कोटाची अट यंदापुरती शिथिल झाली आहे. शोमध्ये अर्ध्या फ्युजिंगचे आणि अर्ध्या कॅनव्हासचे कोट अस्तराशिवाय, आतली बाजू दिसेल अशा रीतीने डमीवर मांडायचे ठरले आहे.

वेळेची विभागणी अशी केली आहे: १२ तास मांजरपाट आणि ट्रायल, २४ तास पुढचे भाग आणि कॉलर, १२ तास बाही, आणि उरलेले १२ तास अर्ध्या मापातला उरेब रेशमाचा नमुना. मास्तरांनी सुचवल्याप्रमाणे लोकरीचे कापड संस्था देणार आहे, मात्र प्रत्येकी अर्धा मीटरच. बाही तीन वेळा लावण्याचा आग्रह मी धरणार आहे, जरी त्यासाठी काज करण्याचा भाग मला या सत्रातून काढावा लागला. त्याचे वाईट वाटते, हातकाज मला स्वतःला फार प्रिय आहे. आधीच्या दोन वर्षांत वेगाला जे गुण दिले जातात त्याविषयी पहिल्या वर्षाच्या शिक्षकांशीही बोलणार आहे, कारण तिसऱ्या वर्षी सवय बदलणे हे उशिराचे काम आहे.

मास्तर, एक विनंती आहे. बाहीच्या तीन सत्रांपैकी दुसऱ्या सत्राला, जेव्हा ती अंगावर लावायची असेल, आपण वर्गात याल का? शनिवारी सकाळी १० ते २ अशी वेळ आहे.

नौपाड्याचे_मास्तर

ताई, येईन. दोन कामे आधी करून ठेवावीत. मुलांना अंगुस्तान घालून आठवडाभर रिकामी सुई कापडातून काढायचा सराव करायला सांगा. टेलरचे अंगुस्तान वरून उघडे असते आणि सुई बोटाच्या बाजूने ढकलायची असते, टोकाने नाही. दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंतच घ्यायचा आणि मेणावरून ओढून इस्त्रीने दाबायचा, म्हणजे गाठी पडत नाहीत. आणि त्या दिवशी गेल्या वर्षीच्या त्या मुलीलाही बोलवा. तिने तो कोट ठेवला असेल तर घेऊन यावे. लॅपल उसवून आत कॅनव्हास बसवता येईल, मार्जिन किती सोडले आहे ते पाहून सांगतो.